जुनी अमेरिकन गाडी घेताना आधी पत्रा बघा, मग इंजिन

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: तुम्ही मूळचे सांगलीचे, सध्या मिशिगनमध्ये नोव्हायला राहता. २५ हजार डॉलर बाजूला काढले आहेत आणि साठच्या दशकातली अमेरिकन गाडी घ्यायची आहे. मनात फोर्डची मस्टँग आहे, शेव्हरलेची कमारोही आहे. आठ सिलिंडरची व्ही-८ नाही जमली तर सहा सिलिंडरची घ्यावी का, घरच्यांना बसवून ती रस्त्यावर चालवता येईल का, आणि कधीतरी ड्रॅग स्ट्रिपवर, म्हणजे सरळ शर्यतीच्या पट्टीवर, नेता येईल का, असे तुमचे तीन उपप्रश्न आहेत.

डेट्रॉइटच्या उत्तरेला, ट्रॉयमध्ये, माझी नोकरीची सव्वीस वर्षं ब्रेकच्या कामात गेली. त्यातली बावीस वर्षं माझ्याकडे १९६६ ची मस्टँग आहे. ती मी स्वतः खोलतो, स्वतः जोडतो, आणि उन्हाळ्यात महिन्यातून एकदा तरी स्ट्रिपवर नेतो. त्यामुळे पुढचं सगळं हाताला ग्रीस लागून शिकलेलं आहे.

माझं उत्तर असं: घ्या. कमारोच्या मागे लागू नका. १९६५ किंवा १९६६ ची दोन दारांची, पक्क्या छपराची साधी मस्टँग बघा, आणि ती कोरड्या राज्यातून आलेली असू द्या. रंग उडालेला चालेल, सीट फाटलेल्या चालतील, इंजिन थोडा धूर टाकत असलं तरी एक वेळ चालेल. खालचा पत्रा मात्र शाबूत हवा. इंजिन मशीन शॉपमध्ये देऊन बनवून घेता येतं, त्याचा खर्च आधी विचारता येतो आणि तो साधारण तेवढ्यातच राहतो. गंजाचं तसं नसतं. एक भोक बंद करायला घेतलं की शेजारी दोन सापडतात.

हे मी पैसे घालवून शिकलो. २००२ साली मी पहिली गाडी घेतली, ती १९६७ ची लाल कमारो. पुढे ‘एसएस’चे, म्हणजे महागड्या मॉडेलचे, बिल्ले, चकाचक रंग, आणि इंजिन असं वाजत होतं की मी त्यापुढे काही बघितलंच नाही. हिवाळ्यात गाडी स्टँडवर चढवली. मागच्या चाकावरच्या पत्र्यावरून हात फिरवताना बोटाला फुगवटा लागला. तिथे खरवडलं तर रंगाखाली बोटभर जाडीची लांबी, म्हणजे खड्डे भरायची पुट्टी, निघाली आणि लांबीखाली जाळी. मागचे दोन्ही पत्रे, डिकीचा तळ, मागच्या काचेखालची पन्हळ, सगळं गेलेलं. वेल्डिंगवाल्याने सांगितलेला आकडा मी गाडीला दिलेल्या किमतीच्या जवळपास होता. पुढे ती मी सगळं खरं सांगून विकली, आणि निम्मे पैसे बुडाले. ते ‘एसएस’चे बिल्लेही नंतर कोणीतरी लावलेले होते, त्याबद्दल पुढे लिहितोच.

आपल्याकडे हा गंज इतका का, तर मीठ. डेट्रॉइट शहराच्या खालीच, हजार फुटांहून खोल, मिठाची मोठी खाण आहे आणि हिवाळ्यात बर्फ वितळवायला रस्त्यांवर मीठ पसरतात. जी गाडी या राज्यात चार-पाच हिवाळे रोज चालली, तिच्या तळाचा भरवसा धरू नका. ॲरिझोना, न्यू मेक्सिको, पूर्व कॅलिफोर्निया, टेक्सासचा पश्चिम भाग इथल्या गाड्यांचे डॅशबोर्ड उन्हाने तडकलेले असतात, रबर वाळून चुरा झालेलं असतं, पण पत्रा घणघणीत वाजतो. डॅशबोर्ड आणि रबर नवं मिळतं. माझी मस्टँग ॲरिझोनातूनच ट्रकवर घालून आणली. आली तेव्हा तिचा हिरवा रंग जागोजागी खडूसारखा झाला होता आणि तिच्याकडे बघून शेजाऱ्यांना माझी कीव आली होती. तळाला मात्र फोर्डच्या कारखान्यातला मूळ प्रायमर अजून दिसत होता. तो बघून मला झालेला आनंद मी आजही विसरलेलो नाही.

आता गाडी बघायची कशी. बरोबर एक मऊ चुंबक, फ्रिजवर लावतात तसला, टॉर्च, जाड सतरंजी आणि पाच-सहा लिटर पाणी न्या. पाणी कशाला ते आधी सांगतो, कारण मस्टँगची खरी परीक्षा तीच आहे. समोरची काच आणि बॉनेट यांच्यामध्ये जाळीचा जो पत्रा असतो, त्याला इथे ‘काउल’ म्हणतात. तिथून पावसाचं पाणी आत जाऊन बाजूंनी खाली निघून जावं, आणि केबिनला हवा मिळावी म्हणून आत दोन उभ्या गळ्यांसारखे भाग आहेत. हे सगळं दोन पत्रे एकमेकांवर स्पॉट वेल्ड करून बंद केलेलं असल्याने आत हात पोचत नाही आणि रंगही धड पोचलेला नसतो. वर्षानुवर्षं झाडांची पानं आत पडतात, कुजतात, ओल धरतात, आणि त्या गळ्यांची मुळं गंजून जातात. मग प्रत्येक पावसात पाणी थेट पायाखाली. विकणाऱ्याची परवानगी घेऊन जाळीवर हळूहळू पाणी ओता आणि कोणालातरी आत डॅशबोर्डखाली टॉर्च घेऊन बसवा. पायाशी थेंब पडला तर गाडी तिथेच सोडा, किंवा किंमत हजारांनी खाली आणा. हे दुरुस्त करायचं म्हणजे मडगार्ड, काच काढून कितीतरी स्पॉट वेल्ड एकेक करून ड्रिलने फोडायचे, वरचा पत्रा उचलायचा, खालचा बदलायचा, परत सगळं जोडायचं. मी एका मित्राच्या गाडीवर हे काम केलं आहे. चार महिन्यांचे शनिवार-रविवार त्यात गेले.

जाळी पास झाली की सतरंजी टाकून गाडीखाली शिरा. मस्टँगला ट्रकसारखी वेगळी चासी नाही, पत्र्याचं शरीर हीच चासी. म्हणून पुढच्या सीटखालचा तळ, पुढचा भाग मधल्या भागाला जिथे जोडलेला असतो ती जागा, आणि मागे पाटे जिथे अडकवलेले असतात ती जागा, या तिन्ही ठिकाणी स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने ठोकून बघा. चांगला पत्रा टणटण वाजतो, गेलेला बद्द वाजतो. बॉनेट उघडून बॅटरीखालचा पत्रा बघा, तिथे ॲसिड सांडून भोक पडतंच. पुढच्या स्प्रिंग ज्या उभ्या मनोऱ्यांत बसतात, त्यांच्या कडांना भेगा आहेत का ते टॉर्च लावून बघा. डिकीत गालिचा उचला. या गाडीत पेट्रोलच्या टाकीचा वरचा भाग हाच डिकीचा तळ असतो, ते बघून दचकू नका, मुळातच तसं आहे. चुंबक चाकांच्या कमानींवरून आणि दारांच्या खालच्या कडांवरून फिरवा. जिथे तो पकडत नाही, तिथे लांबी आहे. छपरावर रेक्झिनसारखं आवरण असलेली गाडी मी सहसा घेत नाही, मस्टँग असो की कमारो. त्याखाली पाणी अडकतं आणि आवरण फाडेपर्यंत काय चाललंय ते कळत नाही.

इंजिनाबद्दल एवढंच: विकणाऱ्याला सांगून ठेवा की मी येईपर्यंत गाडी सुरू करू नका. पोचल्यावर बॉनेटवर हात ठेवून इंजिन गार आहे ना बघा. थंड इंजिन सुरू करताना निळा धूर क्षणभर आला आणि गेला तर व्हॉल्व्हची सील म्हातारी झाली आहेत, ते सोपं काम. चालवताना सतत निळा धूर येत असेल तर रिंगा गेल्या. माझे वडील मुंबईत कुर्ल्याला प्रीमियरच्या कारखान्यात फिटर होते. १९४७ पासून तिथे डॉज आणि प्लिमथ जोडल्या जात, मुंबईच्या रस्त्यांवरच्या त्या जुन्या मोठ्या डॉज अशाच आलेल्या. लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक इंजिनला आणि मूठ कानाला लावून कुठला बेअरिंग बोलतोय ते कसं ऐकायचं, हे त्यांनी मला शाळेत असताना शिकवलं. आजही मी तेच करतो.

आता कागद. या गाड्यांत सर्वांत जास्त फसवणूक बिल्ल्यांची होते. साध्या गाडीला महागड्या मॉडेलचे बिल्ले लावायचे, मोठं इंजिन टाकायचं आणि दुप्पट किंमत सांगायची. चासी नंबर काय सांगतो आणि काय सांगत नाही, हे प्रत्येक कंपनीचं वेगळं आहे. १९६५-६६ च्या मस्टँगमध्ये नंबर बरंच बोलतो. समजा सुरुवात ६एफ०७सी अशी आहे. ६ म्हणजे १९६६, एफ म्हणजे डिअरबॉर्नचा कारखाना, ०७ म्हणजे पक्क्या छपराची दोन दारी, आणि सी म्हणजे दोन नळ्यांच्या कार्बोरेटरचं २८९ घनइंचाचं व्ही-८. कारखान्याच्या जागी आर असेल तर सॅन होजे, टी असेल तर न्यू जर्सीतलं मेटचेन. ०८ म्हणजे उघड्या छपराची, ०९ म्हणजे फास्टबॅक, मागे उतरत्या छपराची. इंजिनाच्या जागी टी असेल तर २०० घनइंचाचं सहा सिलिंडरचं, ए म्हणजे चार नळ्यांचं २८९, आणि के म्हणजे २७१ अश्वशक्तीचं खास इंजिन. ‘के’ गाड्या थोड्या आणि फार महाग, २५ हजारांत कोणी ‘के’ म्हणून देत असेल तर तिथून उठा. हा नंबर बॉनेट उघडून डाव्या बाजूच्या आतल्या पत्र्यावर ठोकलेला असतो. तो, दारावरची पट्टी आणि टायटल म्हणजे मालकीचा कागद, तिन्ही जुळले पाहिजेत.

कमारोचं असं नाही. १९६७ च्या कमारोच्या नंबरावरून सहा सिलिंडर की आठ एवढंच कळतं, ती एसएस होती का ते कळत नाही. मी तिथेच फसलो. शेव्हरलेचीच शेव्हेल तर आणखी गमतीची: १९६६ ते ६८ ची एसएस ३९६ नंबराच्या पहिल्या तीन आकड्यांवरून, १३८ वरून, ओळखता येते, आणि १९६९ पासून तेच मॉडेल नुसता पर्याय म्हणून विकलं जाऊ लागल्याने नंबरावरून ओळखता येत नाही. मग कारखान्याचा बिल्ड शीट, म्हणजे गाडीत काय काय बसवायचं त्याची यादी, सापडला तरच खात्री. पॉन्टिॲक जीटीओमध्ये नेमकं उलट, पहिली दोन वर्षं मुकी आणि १९६६ पासून नंबर २४२ ने सुरू होतो. १९६७ आणि त्यानंतरच्या फोर्डसाठी मार्टी रिपोर्ट मागवता येतो, त्यात ती गाडी कारखान्यातून काय काय घेऊन निघाली ते सगळं येतं. तुम्ही ६५-६६ घ्याल तेव्हा त्याचा उपयोग नाही. पण साध्या मस्टँगवर खोटेपणा करायला कोणाला फारसा फायदाही नसतो, आणि हेही तुम्हाला तीच घ्या म्हणण्याचं एक कारण आहे. दुसरं कारण सुट्या भागांचं. १७ एप्रिल १९६४ ला न्यूयॉर्कच्या जागतिक प्रदर्शनात मस्टँग आली, मूळ किंमत २,३६८ डॉलर, आणि दोन वर्षं पुरी व्हायच्या आत दहा लाख गाड्या बनल्या. इतक्या बनल्या म्हणून आज तिचा जवळजवळ प्रत्येक पत्रा, प्रत्येक रबर, प्रत्येक स्क्रू नवा बनवून मिळतो. ओल्ड्समोबिल किंवा मर्क्युरीच्या मालकाला एका दिव्याच्या काचेसाठी पेन्सिल्व्हेनियात हर्शी किंवा कार्लाइलच्या जुन्या सुट्या भागांच्या बाजारात चिखल तुडवत हिंडावं लागतं. हिंडण्यात मजा आहे, पण पहिल्या गाडीसाठी नको.

सहा सिलिंडरचा प्रश्न तुम्ही दबक्या आवाजात विचारला आहे, तसा विचारू नका. २०० घनइंचाचं ते इंजिन १२० अश्वशक्तीचं, सात मेन बेअरिंगचं, दणकट आणि सोशिक आहे. पुढचा भाग हलका असल्याने पॉवर स्टिअरिंग नसतानाही गाडी हातात हलकी लागते. बॉनेट उघडल्यावर इंजिनच्या दोन्ही बाजूंना इतकी जागा असते की प्लग बदलायला पाच मिनिटं पुरतात. डोंगर चढताना आणि हायवेवर शिरताना जीव थोडा कमी पडतो, हे खरं. पण किमतीत जो फरक पडतो, त्या पैशात तुम्ही कोरड्या राज्यातला पत्रा विकत घेऊ शकता. गंजकी व्ही-८ आणि खणखणीत सहा सिलिंडर अशी निवड समोर आली तर मी डोळे मिटून सहा सिलिंडर घेईन.

एक गोष्ट मात्र नीट बघा. सहा सिलिंडरच्या मस्टँगच्या चाकाला चार नट असतात, व्ही-८ ला पाच. नुसते नटच कमी नसतात, ब्रेकचे ड्रम लहान असतात, मागचा ॲक्सल नाजूक असतो, पुढचे स्टिअरिंगचे भाग हलके असतात. चार नटांच्या गाडीत कोणी व्ही-८ टाकून विकत असेल तर त्याने इंजिन बदललं आणि थांबायची सोय तशीच ठेवली, असा अर्थ होतो. अशी गाडी घेऊ नका. मी ब्रेकमधला माणूस आहे, मला ती बघूनच घाम फुटतो.

१९७२ च्या गाड्यांबद्दलही सांगतो, कारण मस्टँग नाही मिळाली तर त्या बघाल. १९७१ ची साधी कॉर्व्हेट २७० अश्वशक्तीची आणि १९७२ ची २०० ची, असे आकडे बघून लोक ७२ सोडून देतात. त्या वर्षी शक्ती मोजायची पद्धत बदलली. आधी इंजिन एकटं, पंखा-सायलेन्सर न लावता मोजायचे, मग गाडीत बसवल्यासारखं सगळं लावून मोजू लागले. ती सत्तर अश्वशक्ती बहुतांश कागदावरच गेली. या गैरसमजामुळे ७२ च्या चांगल्या गाड्या अजूनही थोड्या स्वस्त सुटतात. त्याहून स्वस्तात हवी असेल तर फोर्ड फाल्कन बघा, मस्टँग तिच्याच सांगाड्यावरून बनली. किंवा डॉज डार्ट, तिचं २२५ घनइंचाचं तिरकं बसवलेलं सहा सिलिंडरचं इंजिन झिजता झिजत नाही. डार्ट घेतलीत तर लक्षात ठेवा, त्या काळातल्या क्रायस्लरच्या गाड्यांना डाव्या बाजूच्या चाकांचे नट उलट्या आट्याचे असतात. मी तरुणपणी एका ओळखीच्या डार्टचे दोन स्टड जोर लावून तोडले आहेत.

आता घरच्यांना बसवण्याचं. इथे मी सर्वांत कडक आहे, ऐकून घ्या. १९६६ ची मस्टँग तशीच्या तशी घेऊन मुलांना मागे बसवून रस्त्यावर जाऊ नका. तिच्या मास्टर सिलिंडरला, म्हणजे पेडल दाबल्यावर ब्रेकचं तेल ढकलणाऱ्या भागाला, एकच कप्पा असतो. चारही चाकांना एकच तेल. एक पाइप फुटला, एका चाकाचा सिलिंडर गळला, की पेडल जमिनीला टेकतं आणि गाडीला ब्रेक उरत नाही. १९६७ पासून फोर्डने दोन कप्प्यांचा सिलिंडर दिला, पुढचा निकामी झाला तरी मागचा चालतो. ६७ च्या पद्धतीचा सिलिंडर ६६ ला बसतो, पाइप वळवून घ्यावे लागतात, एका शनिवार-रविवारचं काम आहे. गाडी घरी आली की रंग, टायर, रेडिओ यांच्या आधी हे करा. शिवाय स्टिअरिंगचा दांडा त्या गाडीत सरळ आणि अखंड लोखंडी आहे, धडकेत आत दबणारा नाही. खांद्यावरचे पट्टे नाहीत, सीटला डोक्याचा आधार नाही. खांद्यावरचे पट्टे नंतर बसवता येतात, पण ते कशाला अडकवले आहेत ते जाणत्याला दाखवा. माझी मुलगी बारा वर्षांची होईपर्यंत मी तिला त्या गाडीत गल्लीबाहेर नेलं नाही, आणि त्याचं मला जराही वाईट वाटत नाही.

चार ड्रमचे ब्रेक चालवताना काय होतं, तेही समजून घ्या. डिस्क तापली की फुगून पॅडकडे येते. ड्रम तापला की फुगून लायनरपासून लांब जातो. म्हणजे तुम्ही जितका ब्रेक लावाल तितकं पेडल खाली खाली जातं, आणि लायनरची पकडही उष्णतेने कमी होते. उतारावर एकदा जोरात थांबलात तर ठीक, लगेच दुसऱ्यांदा थांबायचं झालं तर गाडी पुढे सरकत राहील. म्हणून उताराला गिअर खाली टाका, पुढच्या गाडीपासून आजच्या सवयीच्या दुप्पट अंतर ठेवा. साचलेल्या पाण्यातून गेल्यावर ब्रेक एका बाजूला ओढतात, तेव्हा हलका पाय ठेवून आधी ते कोरडे करा. मी तीन वर्षं मूळचे ड्रम वापरले आणि मग पुढे डिस्क बसवल्या. गाडी मूळ स्वरूपात राहावी म्हणणारे माझ्यावर रागावले. १९६५ मध्येही डिस्क हा पर्याय म्हणून मिळत होता, तेव्हा मी काही पाप केलं असं मला वाटत नाही.

पेट्रोलचं: आज पंपावर मिळतं त्यात इथेनॉल असतं, ते जुन्या रबरी नळ्या आतून खातं. गाडीतल्या इंधन पंपापासून कार्बोरेटरपर्यंतच्या सगळ्या रबरी नळ्या पहिल्याच आठवड्यात बदला, कारण गरम इंजिनवर गळणारी नळी म्हणजे आग. इंजिन ऑइल घेताना जुन्या सपाट टॅपेटच्या कॅमसाठीचं, जास्त जस्ताचं घ्या.

आणि चालवा. उभ्या गाडीची सील वाळतात, पेट्रोल सडतं. इथे मिशिगनमध्ये २५ वर्षांहून जुन्या गाडीला ऐतिहासिक नंबरपाटी मिळते, ती स्वस्त पडते, पण मेळावे, मिरवणुका आणि प्रदर्शनं एवढ्यापुरतीच. अपवाद ऑगस्टचा, तो महिना कुठेही चालवा. तुम्हाला मे ते ऑक्टोबर मोकळेपणी फिरायचं असेल तर साधी पाटी घ्या. विमा मात्र ठरलेल्या किमतीचा घ्या, म्हणजे गाडी गेली तर किती मिळतील ते आधीच लिहिलेलं असतं. साधा विमा साठ वर्षांच्या गाडीकडे भंगार म्हणून बघतो.

ऑगस्टच्या तिसऱ्या शनिवारी डेट्रॉइटजवळच्या वुडवर्ड रस्त्यावर ड्रीम क्रूझ, म्हणजे जुन्या गाड्यांची फेरी, असते, १९९५ पासून. फर्नडेलपासून पॉन्टिॲकपर्यंत दोन्ही बाजूंना लोक खुर्च्या टाकून बसतात आणि रस्ता जुन्या गाड्यांनी भरून जातो. साठच्या दशकात याच रस्त्यावर सिग्नल ते सिग्नल शर्यती लागायच्या, कंपन्यांतले इंजिनिअरसुद्धा नव्या गाड्या घेऊन रात्री यायचे. जरूर जा, पण पहिल्या वर्षी शनिवारी गाडी घेऊन जाऊ नका. ताशी पाच मैलांनी, नव्वद अंश उन्हात, तासन् तास. जुनी गाडी तिथे तापते, कार्बोरेटरकडे जाणाऱ्या नळीत पेट्रोलची वाफ होते आणि गाडी मधल्या लेनमध्ये बंद पडते. त्याच आठवड्यात बुधवारी-गुरुवारी संध्याकाळी जा. गाड्या तेवढ्याच भारी असतात आणि मालक बोलायला मोकळे असतात. मला माझी बहुतेक माणसं तिथेच भेटली.

आता शर्यत. रस्त्यावर कधीच नाही, हे लिहायची गरज पडू नये. ड्रॅग स्ट्रिपवर मात्र तुमची मस्टँग, अगदी सहा सिलिंडरचीसुद्धा, शर्यत जिंकू शकते. तुम्ही मस्टँग म्हटल्यावर १९६८-६९ मध्ये मार्क डॉनह्यूच्या कमारोने ट्रान्स-ॲम कशी मारली आणि १९७० मध्ये पार्नेली जोन्सच्या मस्टँगने कशी परत घेतली, हे तुमच्या डोक्यात असणार. ती वळणांची शर्यत, तिला पैसा आणि गाडीत सुरक्षेचा लोखंडी पिंजरा लागतो. पाव मैलाच्या सरळ पट्टीवर ‘ब्रॅकेट’ नावाचा प्रकार आहे, तो तुमच्यासाठीच बनला आहे असं समजा.

त्यात असं असतं. तुमची गाडी पाव मैल किती सेकंदांत जाईल ते तुम्हीच आधी लिहून द्यायचं. माझी १७.४०. समोरच्याची १२.१०. दोघांतला फरक ५.३० सेकंद, तेवढा वेळ माझा हिरवा दिवा आधी लागतो. जो आधी पोचेल तो जिंकला, पण स्वतः लिहून दिलेल्या वेळेपेक्षा लवकर गेलात तर हरलात. म्हणजे खोटं सांगायला वाव नाही. मागच्या जूनमध्ये मी दिवा लागल्यावर ०.०८ सेकंदात निघालो आणि १७.४६ मध्ये पोचलो. समोरचा माझ्या मागून वीज यावी तसा आला, ०.०३ मध्ये निघाला होता, माझ्या आधी रेषा ओलांडली. त्याची वेळ १२.०६ निघाली. स्वतःच्या आकड्यापेक्षा चार शतांश लवकर, म्हणून तो बाद आणि मी पुढच्या फेरीत. इथे वेगापेक्षा सातत्य लागतं, आणि ऑटोमॅटिक गिअरची, मूळ स्वरूपातली, संथ गाडी दर वेळी जवळजवळ तीच वेळ देते. आठशे अश्वशक्तीच्या गाडीचं चाक एकदा जास्त घसरलं की तिचा हिशोब कोलमडतो.

सुरुवात स्पर्धेच्या दिवशी करू नका, ‘टेस्ट अँड ट्यून’च्या संध्याकाळी जा. पश्चिमेला मार्टिनजवळ यूएस १३१ ची पट्टी आहे, तिथे जाऊन आधी एक संध्याकाळ नुसतं बघा. गाडी नेताना बॅटरी घट्ट बांधलेली, रेडिएटरला सांडणारं पाणी धरायची बाटली लावलेली, पायात बंद बूट, अंगात पूर्ण पॅन्ट. गाडी १३.९९ सेकंद किंवा त्याहून लवकर जात असेल तर हेल्मेट सक्तीचं आहे, ११.४९ पासून रोल बार, म्हणजे गाडी उलटली तर डोकं वाचवणारी लोखंडी कमान. तुमची तिथवर जाणार नाही, तरी हेल्मेट घाला. सुरुवातीला पाण्याचा चर असतो, मोठ्या गाड्या त्यात चाकं फिरवून टायर तापवतात. तुमचे टायर रस्त्याचे, नक्षीचे. पाणी नक्षीत भरून तुम्ही ते रेषेवर नेऊन टाकाल आणि मागच्या सगळ्यांचा राग ओढवून घ्याल. चराला वळसा घालून जा.

दिव्याच्या खांबावर सर्वांत वर दोन लहान दिवे असतात. पहिला लागला की तुम्ही रेषेच्या जवळ आहात, आणखी साधारण सात इंच पुढे सरकलात की दुसरा लागतो. तिथे थांबा, एक इंचही पुढे नको. मग तीन पिवळे दिवे अर्ध्या-अर्ध्या सेकंदाने खाली उतरतात आणि हिरवा लागतो. हिरव्याची वाट बघत बसलात तर उशीर झाला, तिसरा पिवळा लागताना दिसला की पाय दाबा. तुमच्या गाडीला हलायलाच तेवढा वेळ लागतो, त्यामुळे हिरव्याच्या आधी निघून लाल दिवा लागायची, म्हणजे बाद व्हायची, भीती कमी. शेवटच्या रेषेनंतर ब्रेकवर उभे राहू नका. ड्रम कसे वागतात ते वर लिहिलंच आहे. पाय उचला, गाडीला आपोआप मंद होऊ द्या आणि सर्वांत लांबच्या वळणातून बाहेर पडा.

परतीच्या वाटेवर खिडकीतून एक चिठ्ठी हातात देतात. तीत ६० फूट, ३३० फूट, अर्ध्या अंतराची आणि शेवटची वेळ छापलेली असते. त्या चिठ्ठीच्या मागे लगेच लिहा: किती वाजले, हवा किती तापलेली, टाकीत पेट्रोल किती, टायरमध्ये हवा किती. संध्याकाळी हवा गार झाली की माझी गाडी दुपारपेक्षा दहा-पंधरा शतांश लवकर जाते, आणि तेवढ्यावर फेरी जाते. माझ्याकडे अशा चिठ्ठ्यांची बुटाची एक पूर्ण पेटी भरली आहे. पहिल्या दहा-बारा चिठ्ठ्या जमल्या की त्या घेऊन ट्रॉयला या. दुपारभर बसून तुमचा आकडा काढू, आणि येताना गाडीही आणा, मला तिचा तळ बघायचाच आहे.